अनंताचा वीसतोंड्या

आमच्या ऑफिसात जुना कोड कोणी पुसत नाही. 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून नुसता बंद करून तिथंच ठेवतात. माळ्यावरच्या पितळी पिंपासारखा तो पडून असतो, आणि कोणी हात लावला की काहीतरी डोक्यावर कोसळतं. किश्श्यांचं अगदी तसंच आहे. साठत राहतात, आणि कोणी सहज 'काय गं, अनंता कसा आहे?' विचारलं की सगळे एकदम अंगावर येतात. परवा माझ्या बहिणीनं विचारलं. माझं सांगणं संपेना, तिचं ऐकणं संपेना, आणि तिकडं वरण करपलं. दोष कुणाला? मला!

तर मी शुभदा. पन्नाशी ओलांडली, चष्मे दोन, गुडघे कुरकुरे. भिवंडीत वडप्याजवळ हायवेला लागून एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही गोदामांची सॉफ्टवेअरं करतो. कुठला माल कुठल्या रॅकवर, कुठला ट्रक कुठल्या दाराला, असलं सगळं. खाली फोर्कलिफ्ट मागं घेतात तेव्हा टीं टीं टीं वाजतं, आणि वर आमच्या डोक्यात दिवसभर तेच चालू असतं.

मी लागले तेव्हा काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं होती. मग माऊस आला. मग म्हणाले सगळं वेबवर न्या. मग म्हणाले मोबाईलवर न्या. मग क्लाउडवर न्या. दर वेळी नवीन ट्रेनिंग, नवीन सर्टिफिकेट, आणि दर वेळी शपथेवर सांगायचे की आता हे शेवटचं! आमचा इक्बालभाई, ज्याच्या वडिलांचे शांतीनगरला लूम होते, तो एका ट्रेनिंगमधून बाहेर येऊन म्हणाला, "ताई, ये टेक्नॉलॉजी नहीं, दामाद है. हर पाँच साल में नया आता है, और हर बार बोलते हैं, यही आखरी है!"

आणि जुने जावई काही घर सोडत नाहीत. आजही एका गिऱ्हाईकाकडं तो हिरव्या अक्षरांचा प्रोग्राम चालू आहे आणि बंद पडला की फोन मलाच येतो.

*

आता खेळाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

अनंता भोईर, गाव वळ. माझ्याच बॅचचा, रिटायरमेंटला अजून थोडा अवकाश. ह्याच्या खिशात कायम एक वीस बाजूंचा फासा असतो, आम्ही त्याला वीसतोंड्या म्हणतो. अनंता आमचा सूत्रधार. तो गोष्ट रचतो, त्यात जंगल, किल्ला, राक्षस, सगळं असतं, आणि आपण त्यातलं एकेक पात्र व्हायचं. मी वैदू. इक्बालभाई चोर. चौथे पाध्ये, ते राजपुरोहित. अनंता प्रसंग उभा करतो, मग आवाज खाली आणतो आणि विचारतो, "सांगा, काय करता?"

आपण सांगायचं. जमेल की नाही ते तो ठरवत नाही. तो फक्त म्हणतो, "टाक फासा." जास्त पडला तर जमलं, कमी पडला तर भोगा आपल्या कर्माची फळं. नियम एकच. ब्रह्मदेवाचा बाप आला तरी फासा परत टाकायचा नाही.

आधी आम्ही डबा खाताना कँटीनच्या टेबलावर खेळायचो. मग पाध्यांनी नोकरी सोडली आणि गुहागरकडं आपल्या बागेत जाऊन बसले, तेव्हापासून खेळ ऑनलाइन. रविवारी संध्याकाळी पाचला. वेबसाइटवर छान फिरणारा फासा आहे, पण अनंताचा त्यावर विश्वास नाही. "त्याचा कोड कोणी लिहिलाय? तू बघितलास?" म्हणतो. म्हणून तो खरा वीसतोंड्या टाकतो आणि आम्हाला दिसावा म्हणून कॅमेऱ्यासमोर धरतो. त्याच्या कॅमेऱ्याला काय वैर आहे देव जाणे, फासा धूसर आणि मागचं नाक स्पष्ट! इतकी वर्षं आम्ही त्याच्या नाकावर विश्वास ठेवून खेळतोय.

पाध्यांच्या बागेत नेटवर्क फक्त एका फणसाखाली येतं. तेही वारा असेल तर जातं. म्हणून आम्ही ठरवलंय की पाध्ये गेले की राजपुरोहित झाडाखाली डोळे मिटून बसले असं समजायचं. एकदा राक्षस अंगावर आला आणि पाध्ये गायब! आम्ही दोघांनी मरमर मरून त्या राक्षसाला लोळवलं. माझा वैदू अर्धमेला, इक्बालभाईचा चोर एका पायावर, सगळ्या जडीबुटी संपल्या. राक्षसाचा शेवटचा श्वास चाललाय, तेवढ्यात पाध्ये परत आले आणि घसा खाकरून म्हणाले, "मी काय म्हणतो, ह्याच्याशी आधी नीट बोलून बघूया का?"

*

आमचा मॅनेजर रोहन. मुलगा चांगला आहे, कामाला वाघ, पण रविवार सोमवार कळत नाही त्याला. एका रविवारी पाचलाच त्यानं अर्जंट मीटिंग लावली, अंबाडीच्या एका गोदामाचा सर्व्हर बंद पडला होता. मी आणि अनंता खेळ सोडून मीटिंगमध्ये गेलो. इक्बालभाई म्हणाला, "मैं दोनों देख लूँगा." त्यानं दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या. एका कानात मीटिंग, दुसऱ्या कानात पाध्ये.

रोहननं काळजीनं विचारलं, "इक्बालभाई, मेन सर्व्हरचं नक्की काय झालं?"

त्याच वेळी तिकडं पाध्यांनी विचारलं असणार की पहारेकऱ्याचं काय झालं. कारण इक्बालभाई शांतपणे आम्हा सगळ्यांना, गिऱ्हाईकासकट, म्हणाला, "पीछे से गया और उसका गला काट दिया. लाश कुएँ में है."

मग गिऱ्हाईकाचा माणूस म्हणाला, "मतलब... नया लेना पड़ेगा?"

*

हसू येतं आता. तेव्हा नव्हतं येत, कारण त्याच सुमाराला ते फर्मान निघालं. नवा जावई आला, एआय! ह्यापुढं म्हणे कोड आपण लिहायचा नाही. आपण एआयला काय हवं ते सांगायचं आणि तो लिहिणार. ह्याची परीक्षा सगळ्यांना सक्तीची. तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झाला की प्रोग्रामिंग बंद, सपोर्ट डेस्कवर बसून फोन घ्यायचे.

मी पहिल्याच संधीत सुटले, तेही काठावर. इक्बालभाई सुटला, कसा ते तोही सांगत नाही. राहिला अनंता.

आता तुम्ही म्हणाल, फोन घ्यायचे तर घ्यायचे, पगार तर तोच. अहो, पगाराचा प्रश्नच नाही! वळला भोईरांची जमीन आहे आणि त्यावर गोदामं उभी आहेत. अनंताचा मोठा भाऊ बाळूदादा सकाळी पांढरे कपडे घालून गाडीतून आपल्या गोदामांना एक चक्कर मारतो, की झालं त्याचं काम. चार टेम्पोही आहेत. चुलतभाऊ तसेच, शेजारी तसेच. अख्ख्या आळीत सकाळी डबा घेऊन कामाला निघणारा एकटा अनंता! बाळूदादा रोज त्याला गेटातच गाठतो. "कशाला जातंस रं रोज? मालक हायस ना? मंग मालकावानी बस की घरी!"

ही परीक्षा गेली तर अनंता राजीनामाच देणार होता. फोन घ्यायला तो बसणार नव्हता. आणि राजीनामा दिला की बाळूदादाच्या शेजारची खुर्ची तयार होती. खरीच खुर्ची, ओसरीवर आणून ठेवलेली! बाळूदादानं फर्निचरवाल्याकडून जोडी घेतली होती.

अनंता मला एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला, "शुभा, आमच्या नातवंडांना शाळेत विचारतात, आजोबा काय करतात? माझी नात सांगते, माझे आजोबा प्रोग्राम लिहितात. बाळूदादाचा नातू सांगतो, माझे आजोबा बसतात." मग कप ठेवून म्हणाला, "मला बसायचं नाही गं."

मला फार वाईट वाटलं. पण मला वाईट वाटलं की राग येतो, तो माझा स्वभाव. मी म्हटलं, "मग अभ्यास कर ना मेल्या!"

*

पहिली संधी. परीक्षा पर्यायांची होती, चारातला एक निवडा. निकाल आला, थोडक्यात हुकला. मी म्हटलं, अरे वा, इतका जवळ आलास? अनंता खाली बघायला लागला. मला संशय आला. खोदून विचारल्यावर कबूल झाला की जे प्रश्न अजिबात कळले नाहीत तिथं त्यानं टेबलाखाली वीसतोंड्या टाकला होता. एक ते पाच पहिला पर्याय, सहा ते दहा दुसरा, असं.

मी कपाळावर हात मारून घेतला. रोहननं उत्तरं दाखवली तेव्हा आणखी मोठा घोळ निघाला. फाशानं दिलेली उत्तरं बहुतेक सगळी बरोबर! अनंतानं स्वतः विचार करकरून लिहिलेली तीच चुकली होती.

रविवारी पाध्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अनंता, पुढच्या वेळी मोह आवर. डोकं मध्ये आणू नकोस."

*

मग मला अवदसा आठवली. मी म्हटलं, आपण खेळातच त्याचा अभ्यास घेऊ. एक रविवार मी सूत्रधार होते, अनंता खेळाडू. पुलावर एक ब्रह्मराक्षस उभा केला. तो एआयवरचे प्रश्न विचारणार, उत्तर बरोबर आलं तरच पूल ओलांडू देणार. आठवडाभर बसून मी ते प्रश्न काढले होते हो! नवऱ्याला चार दिवस नुसती खिचडी खायला घातली.

मी आवाज खाली आणला. "पुलावर ब्रह्मराक्षस उभा आहे. तो म्हणतो, हे पांथस्थांनो, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या."

इक्बालभाई म्हणाला, "मैं पुल के नीचे से जाता हूँ."

"अरे, प्रश्न तर ऐक!"

"सवाल पूछने वाले को मैं पैसा नहीं देता, जवाब क्यों दूँगा? फासा टाकू?"

टाकला. एकोणीस पडले. मग पाध्ये म्हणाले की पुरोहितालाही पोहता येतं. त्यांना सतरा पडले. उरला अनंता, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप होता. तो आशेनं माझ्याकडं बघून म्हणाला, "शुभा, मी पण खालून जाऊ?" मी लॅपटॉप बंद केला. माझा ब्रह्मराक्षस अजून तिथंच उभा आहे, हातात प्रश्न घेऊन.

*

दुसरी संधी प्रॅक्टिकलची होती. एआयसमोर बसायचं, त्याला काम सांगायचं, करून घ्यायचं. अनंता मराठीत लिहितो, एआयला मराठी चालते. वाटलं, आता तरी जमेल.

वेळ संपली तेव्हा काम शून्य आणि स्क्रीनवर लांबलचक भांडण. झालं असं की अनंतानं पहिली सूचना लिहिली, तर एआय म्हणाला, 'खूप छान कल्पना!' अनंतानं मुद्दाम एक चुकीची सूचना लिहून बघितली. एआय म्हणाला, 'उत्तम विचार!' त्यानं लिहिलं, गोदामाचं दार आकाशात ठेव. 'अतिशय वेगळा दृष्टिकोन!' मग अनंताचं टाळकं सटकलं. परीक्षेचा सगळा वेळ तो त्या यंत्राला झापत बसला होता.

"असला कसला सूत्रधार हा?" तो बाहेर येऊन मलाच विचारायला लागला. "कोणाला हरूच देत नाही! मग खेळणाऱ्यानं खेळायचं कशाला?"

मी म्हटलं, "तू पास व्हायला गेला होतास की त्याला सुधरवायला?" दोन संधी गेल्या. ओसरीवरच्या खुर्चीचं प्लॅस्टिक काढलं, असं त्याच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं.

*

त्यात आली बाळूदादाच्या मुलाची हळद. वळची हळद म्हणजे काय विचारता! मांडव शेतभर, डीजेचे बॉक्स घराएवढे. रविवार होता. मी म्हटलं, अनंता, आज खेळ राहू दे. तो म्हणाला, "त्या खुर्चीत बसलो की किती रविवार मिळतील कोणाला ठाऊक. पाचला या."

पाचला हा मांडवामागं जेवणाच्या टोपांआड मोबाईल घेऊन उभा. कपाळाला हळद, मागं धडाड धडाड. आम्हाला अर्धं ऐकू येत नव्हतं. तो एका बोटानं कान बंद करून ओरडत होता, "तुमच्या मागं राक्षस उभा आहे! तो तुमच्या रक्ताला चटावलाय!" नेमकी त्याची मावशी पापड घ्यायला तिथं आली. तिनं हे ऐकलं, पापडाचा डबा टाकला आणि ओरडत पळाली, "अनंताला लागिर झालंय!"

पुढच्या क्षणी स्क्रीनवर सगळी आळी. एक बाई मीठ-मिरच्या घेऊन ओवाळतेय, एक पाणी शिंपडतेय, आणि अनंता सांगतोय, "अगं, ऑनलाइन आहे, ऑनलाइन!" तेवढ्यात एक भलामोठा पांढरा शर्ट पुढं आला आणि फोन हिसकावला. बाळूदादा!

"कोन रं तुमी?"

पाध्यांना वाटलं, अनंतानं नवीन पात्र आणलं. त्यांनी नम्रपणे हात जोडले. "प्रणाम. आपण ह्या प्रांताचे राजे का?"

बाळूदादानं क्षणभर विचार केला. "जमीन माजी हाय. म्हंजे राजाच!"

आता इथं दुसरा कोणी असता तर फोन बंद करून मोकळा झाला असता. पण आमचा अनंता! भावाच्या खांद्यावरून वाकून, आवाज खाली आणून म्हणाला, "राजे, दारात राक्षस आलाय. भुकेला आहे. सांगा, काय करता?"

बाळूदादानं एकदा भावाकडं बघितलं, एकदा टोपांकडं. "भुकेला हाय ना? मंग पयला जेवाला वाढा त्याला! हळदीच्या घरात आलाय, उपाशी जाईल काय?"

"टाक फासा," अनंता म्हणाला आणि त्याच्या हातात वीसतोंड्या दिला. टोपाच्या झाकणावर फासा खणखणला. वीस! राक्षस पंगतीला बसला. इक्बालभाई तिकडून ओरडला, "माशाल्ला, राजासाब!" बाळूदादाच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मी त्याला ओळखलंच नसतं.

पण मग आजूबाजूला माणसं बघतायत हे त्याच्या ध्यानात आलं. हसू पुसलं, फोन परत दिला. जाता जाता जरा मोठ्यानंच म्हणाला, "ह्याच्यापायी डबा घिऊन जातंस काय रोज? परीक्षा झाली की बस आता घरी. लोक हसत्यात."

अनंता नंतर फार खेळला नाही. नेटवर्क नाही म्हणाला. नेटवर्क होतं.

*

आता शेवटचं सांगते.

तिसरी संधी शुक्रवारी होती. प्रॅक्टिकलच. रोहननं काम दिलं तेही खरंखुरं, कारण त्याला एका दगडात दोन पक्षी मारायची सवय. वळच्याच एका गोदामाचं. भोईरांच्याच जमिनीवरचं. तिथं सकाळी गेट उघडायच्या आधी ट्रकची ही रांग लागते, आणि गेट उघडलं की आत कोण आधी जाणार ह्यावरून रोज मारामारी! हा म्हणतो मी पहाटेपासून उभा, तो म्हणतो माझा माल अर्जंट, तिसरा वॉचमनला चहा पाजून घुसतो. आणि बाळूदादाचे टेम्पो तर कोणाला विचारतच नाहीत. जमीनमालकाची गाडी, वॉचमन सलाम ठोकून दांडा वर करतो. तर गेटवर एक स्क्रीन लावायचा, त्यानं सकाळी उभ्या गाड्यांना नंबर द्यायचे. अनंतानं तो एआयकडून करून घ्यायचा.

ह्या वेळी तो भांडला नाही. एआय विचारेल त्याला मुकाट उत्तर देत गेला. आणि एआय किती विचारतो! गाडी मोठी असेल तर? माल नाशवंत असेल तर? ड्रायव्हर नवीन असेल तर? अनंता सांगून सांगून थकला. अगदी शेवटी एआयनं विचारलं, 'गेट उघडताना सगळ्या गाड्या एकाच वेळी उभ्या असतील, तर आधी कोणाला सोडायचं?'

आणि अनंतानं, इतक्या वर्षांच्या रविवारांची सवय, लिहून टाकलं: 'टाक फासा.'

'खूप छान कल्पना!' एआय म्हणाला. वेळ संपली.

रोहननं वरवर चालवून बघितलं, स्क्रीन झकास दिसत होता. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं, म्हणून त्यानं तो शनिवारीच गेटवर लावून टाकला, सोमवारपासून ट्रायल. सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन त्यानं कोड नीट उघडला आणि तसाच उभा राहिला.

"भोईर सर, हे काय आहे? ही सिस्टिम फासा टाकतेय!"

खरंच टाकत होता. वीस बाजूंचा. ड्रायव्हरनं गाडीचा नंबर घातला की स्क्रीनवर फासा गरागरा फिरायचा आणि आकडा यायचा. मोठा आकडा आधी आत. खाली एआयनं लिहिलं होतं, 'फासा परत टाकता येणार नाही.' म्हणजे 'टाक फासा'च्या पुढं अनंतानं वीस बाजू आणि हा नियमही लिहून टाकला होता!

रोहन हळू आवाजात म्हणाला, "सर, ही तिसरी संधी होती. मला खरंच वाईट वाटतंय. हे मी दुपारपर्यंत काढून टाकतो." मुलाचा चेहरा एवढासा झाला होता. अनंता ड्रॉवर उघडून चष्म्याचं घर, नातीनं केलेलं पेनस्टँड आणि वीसतोंड्या टेबलावर काढून ठेवायला लागला. मला बघवेना. मी इक्बालभाईवर ओरडले, काहीही कारण नसताना.

तेवढ्यात रोहनचा फोन वाजला. वळच्या गोदामाचा सुपरवायझर. रोहननं आधीच सांगायला सुरुवात केली, "सॉरी, सॉरी, एक गलती हो गई है, वो स्क्रीन हम अभी निकाल रहे हैं..."

"निकालना मत!" पलीकडचा इतका ओरडला की आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं. "साब, आज पहिल्यांदा गेटवर भांडण नाही! कमी आकडा आला तर कपाळावर हात मारतात आणि टपरीवर जातात. आदमी से झगड़ा करते थे, नसीब से क्या झगड़ेंगे? वॉचमनला पण कोणी शिव्या देत नाही. दुसऱ्या गेटला पण हेच लावा!"

रोहननं फोन ठेवला. आमच्याकडं बघितलं. मग परत आपल्या स्क्रीनकडं. बराच वेळ काहीतरी टाइप केलं. अनंताच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजलं आणि निकालाची मेल आली. पास. मी रडले, हो, रडले, त्यात काय लाजायचं! इक्बालभाईनं समोसे मागवले. अनंतानं एकेक वस्तू परत ड्रॉवरमध्ये ठेवली, फक्त वीसतोंड्या हातात राहिला.

समोसे यायच्या आतच त्याचा मोबाईल वाजला. बाळूदादा. अनंतानं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"अनंता! माजा टेम्पो भायेर उभा हाय! माज्याच जमिनीवर! वॉचमन म्हनतो दांडा वर व्हत न्हाय, आकडा दोन आलाय! तुज्या त्या मशीनला सांग, परत टाक!"

"परत टाकता येत नाही, दादा."

"आरं, मी मालक हाय!"

"त्याला माहीत नाही ते."

पलीकडं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मग तेही थांबले. सगळं ऑफिस टेबलाभोवती जमलं होतं. अनंता खुर्चीत पुढं सरकला. फोनजवळ वाकला. आणि त्यानं आवाज खाली आणला, अगदी रविवारी आणतो तसा.

"राजे, तुमच्या पुढं ट्रकची रांग आहे. ऊन चढत चाललंय. फासा दोन पडलाय. सांगा, काय करता?"

मला वाटलं, आता आदळतो फोन. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"उतरतो," बाळूदादा म्हणाला. "टपरीकडं जातो." मग त्यानं विचारलं, "अनंता... भजी गरम असतील काय रं?"

अनंतानं वीसतोंड्या फोनसमोर ठेवला.

"टाक फासा."